जुनी टॉय ट्रेन साफ करणं वेगळं, रिस्टोअर करणं वेगळं

जुनी इलेक्ट्रिक टॉय ट्रेन हातात आली की लोकं सर्रास म्हणतात "रिस्टोअर करतोय", आणि बघायला गेलं तर नुसती पुसत असतात. त्याने काही बिघडत नाही. पण उलटं होतं तेव्हा जीव जळतो, म्हणजे म्हणतात "जरा साफ केली" आणि प्रत्यक्षात रुळावरचा मुलामा, डब्यावरची अक्षरं, सत्तर-ऐंशी वर्षं टिकलेला मूळ रंग असं सगळं घासून काढलेलं असतं, आणि ते काही केल्या परत येत नाही.

फरक ओळखायची माझी पद्धत अशी. बाहेरून येऊन बसलेलं काढलं तर ती साफसफाई: धूळ, जुनं तेल, घट्ट झालेलं ग्रीस, कार्बनची काजळी, हाताचे डाग. कारखान्यातून जे आलं होतं त्यालाच हात लावला, मग ते काढा, बदला नाहीतर नव्याने चढवा, की ते रिस्टोरेशन. आता गंज कुठे बसवायचा? गंज बाहेरून आलेला नसतो, तो त्या पत्र्याचाच झालेला असतो. म्हणून गंज काढायला घेतला की तुम्ही रिस्टोरेशनच्या हद्दीत आलात असं समजायचं आणि हात सावकाश चालवायचा.

सगळ्यात जास्त गोंधळ रुळांवर होतो म्हणून तिथूनच सुरू करतो. लायनेल या अमेरिकन टॉय ट्रेन कंपनीने १९१५ मध्ये ओ गेज हे रुळांचं माप आणलं, बाहेरच्या दोन रुळांमध्ये सव्वा इंच अंतर आणि मधे तिसरा रूळ, आणि पुढे कितीतरी वर्षं हे रूळ पोकळ नळीसारखे, स्टीलचा पत्रा वळवून केलेले होते. त्या पत्र्यावर कथलाचा पातळ थर असतो, आपण भांड्याला कल्हई करतो तसाच, आणि खालच्या लोखंडाला गंजापासून वाचवणारा तो एकच थर. त्यावर जो काळा चिकट थर दिसतो तो गंज नाही. चाकांच्या आसातून गळलेलं तेल, चाकं आणि रोलर (इंजिनाखालची, मधल्या रुळावरून वीज घेणारी चाकी) झिजून आलेली धातूची पूड, ठिणग्यांची काजळी, हवेतली धूळ, असं सगळं दाबून बसलेलं असतं. वीज त्यातून नीट जात नाही म्हणून इंजिन अडखळतं, दिवा लुकलुकतो आणि माणूस वैतागून पॉलिश पेपर हातात घेतो. तिथेच घात होतो. पॉलिश पेपरने काजळी निघते, सोबत कल्हईही निघते, शिवाय बारीक चरे पडतात त्यात पुढची घाण आधीपेक्षा घट्ट धरून बसते, आणि हवा दमट असेल तर लवकरच खरोखरचा गंज दिसायला लागतो. साफसफाई म्हणून घेतलेलं काम नकळत रिस्टोरेशन झालं, तेही न संपणारं.

खरी साफसफाई अगदी कंटाळवाणी आहे. ट्रान्सफॉर्मरचा प्लग काढायचा, खिडकी उघडायची, आयसोप्रोपिल अल्कोहोल (९० टक्क्यांच्या वरचं असेल तर बरं) धागे न सुटणाऱ्या कापडावर घेऊन लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळायचं आणि तिन्ही रूळ पुसत जायचं, कापड काळं झालं की घडी बदलायची, पुन्हा पुसायचं. अल्कोहोल पूर्ण उडून जाईपर्यंत वीज द्यायची नाही, ते पेटतं. एवढ्याने बहुतेक ट्रॅक चालायला लागतो. आणि नाही लागला तर लगेच आणखी घासायला जाऊ नका, कारण दोष घाणीत नसेलही. दोन तुकडे जोडणाऱ्या पिना सैल झाल्या तर दूरच्या टोकाला वीज कमी पोचते आणि हुबेहूब घाणेरड्या रुळासारखंच वागणं दिसतं, तिथे रुळाचं तोंड पक्कडीने हलकेच दाबून पिन घट्ट करायची. मधल्या रुळाखाली फायबरचा तुकडा असतो, तो फाटला की मधला रूळ खालच्या पत्र्याच्या पट्टीला टेकून शॉर्ट होतो. मल्टिमीटर लावला तर एका मिनिटात कळतं.

तांबूस गंज आलाच असेल तर तो किती खोल आहे ते बघायचं. वरवरचा डाग नायलॉनच्या हिरव्या घासणीने, नुसत्या वरच्या बाजूला, जिथे चाक आणि रोलर टेकतात तेवढ्यातच हलक्या हाताने काढता येतो. खड्डे पडले असतील, पट्ट्यांवर पापुद्रे सुटले असतील तर तो तुकडा सोडून द्यावा हे माझं स्पष्ट मत. व्हिनेगरमध्ये बुडवायचा सल्ला बरेच जण देतात, त्यात गंज विरघळतो हे खरं, पण आम्ल उरलेल्या कल्हईलाही खातं आणि पाणी नळीच्या आत जाऊन बसतं जिथे कुठलंच कापड पोचत नाही. साधा पोकळ ट्रॅक काही दुर्मिळ नसतो, दुसरा तुकडा शोधणं सोपं.

तारेची घासणी मात्र कुठल्याच कामाला नको. लायनेलने १९५० च्या सुमारास मॅग्ने-ट्रॅक्शन आणलं, म्हणजे इंजिनात चुंबक बसवले जेणेकरून चाकं स्टीलच्या रुळाला धरून राहतील, आणि घासणीचे केसाएवढे बारीक तुकडे नेमके त्या चुंबकांना चिकटून गिअरमध्ये, मोटरमध्ये शिरतात. दिसतही नाहीत, शॉर्ट मात्र करतात.

एचओ या लहान मापाच्या गाड्यांचे रूळ (दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी) वेगळ्या जातीचे. तिथे कल्हईचा प्रश्न नसतो, जुने बरेच पितळेचे आणि नंतरचे निकेल सिल्वरचे, ज्यात चांदी अजिबात नाही, तांबं-निकेल-जस्त यांचा मिश्रधातू आहे. पितळ पटकन काळवंडतं आणि तो थर वीज अडवतो, म्हणून पितळेचा ट्रॅक वारंवार पुसावा लागतो. निकेल सिल्वर त्या मानाने सुसह्य. ट्रॅक पुसायचं खास रबर मिळतं ते इथे चालतं, तरी मी आधी अल्कोहोलच वापरेन.

आता मोटर. इथे साफसफाई आणि दुरुस्ती यांची सीमा फार त्रास देत नाही, कारण आतलं काम बाहेरून दिसत नाही आणि गाडी चालणं महत्त्वाचं. जुन्या ओ गेज इंजिनात एसीवर चालणारी उघडी मोटर असते, तिच्या कम्युटेटरवर, म्हणजे फिरणाऱ्या भागाला वीज देणाऱ्या तांब्याच्या तुकड्यांवर, कार्बन ब्रश घासत असतात. ब्रशची प्लेट काढली की तांब्याचा काळा पडलेला चेहरा दिसतो, तो अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या इअरबडने पुसायचा, तांब्याच्या तुकड्यांमधल्या फटीत कार्बन साचलेला असतो तो लाकडी टूथपिकने काढायचा, सुईने नाही. ब्रश झिजून अगदी आखूड झाले असतील तर बदला, त्याला मी रिस्टोरेशन म्हणत नाही, झिजायला म्हणूनच ते बनवलेले असतात. जुनं ग्रीस मेणासारखं कडक झालेलं असतं, ते पूर्ण काढल्याशिवाय वर नवीन चढवू नये. मग आर्मेचरच्या (मोटरच्या फिरणाऱ्या भागाच्या) बेअरिंगला आणि आसांना एकेक थेंब तेल, गिअरला थोडं ग्रीस, बस. जास्त तेल म्हणजे तेच पुढे रुळावर येणार.

एक गोष्ट खूप जणांना फसवते. वीज दिली, इंजिन गुणगुणतं पण हलत नाही, की लोक मोटर जळली म्हणून उघडायला घेतात. बऱ्याचदा ती पुढे-मागे करणाऱ्या ई-युनिटची न्यूट्रल स्थिती असते, पुढे, न्यूट्रल, मागे, न्यूट्रल असा त्याचा क्रम असतो. वीज एकदा बंद करून परत द्या. तरीही अडकत असेल तर आतला दांडा तेलाने चिकट झालेला असू शकतो, तो पुसून कोरडा करा, आणि ई-युनिटमध्ये तेल कधीच घालू नका.

बॉडीवर मात्र दोन्ही कामांतला फरक काटेकोर पाळावा लागतो. आधी रंग कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखा. पत्र्यावर भट्टीत भाजलेलं इनॅमल असेल तर ते बऱ्यापैकी दणकट. लिथोग्राफ, म्हणजे पत्र्यावर छापलेलं चित्र (मार्क्स कंपनीच्या गाड्यांवर असायचं तसं), असेल तर ती शाईच आहे, घासलं की जाते. आणि अक्षरं! रबरी शिक्क्याने उमटवलेली अक्षरं नुसत्या साबणाच्या बोळ्यानेही पुसट होतात, रंग शाबूत आणि नंबर गायब असे डबे बघितले की वाईट वाटतं. म्हणून अक्षरांच्या भोवतीने पुसायचं, अक्षरांवरून नाही. खालच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघायचं, कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड, लगेच कोरडं करायचं. मोटर, दिवे, वायरी असलेला भाग पाण्यात बुडवायचा प्रश्नच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या प्लास्टिकच्या डब्यांना थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर लावला तर प्लास्टिकच विरघळतं, आणि गरम पाण्याने ते वाकतं. कारचं पॉलिशही टाळा, त्यात बारीक घासणारी पूड असू शकते. पूड नसलेलं साधं मेण पातळ लावलं तर मूळ रंगाला छान खोली येते, त्यात काही गमावत नाही.

साफ करताना धातूवर बारीक भेगा, फुगलेलं चाक, कडा तुटून पडतायत असं दिसलं तर थांबा. युद्धापूर्वीच्या काही ओतीव जस्ताच्या भागांत शिशासारखी भेसळ राहिली, ती आतून धातू पोखरते. याला झिंक पेस्ट (इंग्रजी pest, म्हणजे जस्ताची कीड, लेप नव्हे) म्हणतात आणि कुठल्याही सफाईने, रंगाने, गोंदाने ते थांबत नाही. चाकं नवीन मिळतात, बसवता येतात. बॉडीच तशी असेल तर कोरड्या जागी जपून ठेवणं एवढंच हातात उरतं.

मग रिस्टोअर करायचंच नाही का? करायचं, आणि झोकून करायचं, पण योग्य गाडीवर. रंग बहुतेक उडालाय, गंज पत्र्यात शिरलाय, कुणीतरी आधीच घरगुती ब्रशने रंगवून ठेवलंय, अर्धे भाग नाहीत, अशी गाडी पूर्ण सोलून, पोचे काढून, प्रायमर, रंग आणि नवीन डेकल (अक्षरं-चिन्हांचे चिकटवायचे छाप) करून उभी राहते तेव्हा फार आनंद होतो. सोलताना जुन्या रंगात शिसं असू शकतं हे लक्षात ठेवून कोरडं घासायचं नाही, धूळ उडू द्यायची नाही, मुलांना लांब ठेवायचं. लिथोग्राफच्या गाडीला मात्र हे लागू नाही, छापलेलं चित्र ब्रशने परत आणता येत नाही, तिथे जे उरलंय तेच जपा. आणि ज्या गाडीवर मूळ रंग बऱ्यापैकी शिल्लक आहे, चार टवके उडालेत, तिला रंगाचा हात लावू नये असं मला मनापासून वाटतं. संग्राहकही टवके असलेल्या मूळ रंगाला सहसा नव्या चकचकीत रंगापेक्षा जास्त मान देतात. अमेरिकेत ट्रेन कलेक्टर्स असोसिएशन (स्थापना १९५४) गाड्यांच्या अवस्थेला सी-१० पर्यंत श्रेणी देते, तिथे मूळ अवस्था आणि पुन्हा रंगवलेली गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एका ठिकाणी मूळपणाचा हट्ट पूर्ण सोडायचा, ते म्हणजे वायर आणि ट्रान्सफॉर्मर. प्लगची वायर तडकलेली, कापडी आवरण हात लावताच गळतंय, तर ती बदलायचीच, पुसून वापरायची नाही. अमेरिकेतले जुने ट्रान्सफॉर्मर साधारण ११५ व्होल्टसाठी बनवलेले आहेत, २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट लावले तर जळतील, आधी व्होल्टेज उतरवणारा योग्य स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर पाहिजे. ज्याला या कामाची सवय नाही त्याने इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावं.

जे काही बदलाल त्याची नोंद ठेवा. काढलेला रोलर, जुनी चाकं, तुटका हूक छोट्या पिशवीत घालून गाडीच्या खोक्यातच ठेवायचे, आणि रंग नवा असेल तर कधी, कुठल्या भागाला दिला ते चिठ्ठीवर लिहायचं. विकताना तर हे सांगायलाच हवं, नवा रंग मूळ म्हणून खपवणं ही सरळ फसवणूक आहे.