पिशवीत पडदा की पिशवीला दोन शिंगं?

एचएसजीच्या फिल्मवर, म्हणजे गर्भपिशवीत डाय सोडून काढलेल्या एक्स-रेवर, नेहमीच्या त्रिकोणाऐवजी दोन फाटे दिसतात. रिपोर्टवर 'बायकॉर्न्युएट', म्हणजे दोन शिंगांची पिशवी, असं येतं आणि घरच्यांचं धाबं दणाणतं. खरं तर नुसत्या त्या फिल्मवरून हे खात्रीने सांगताच येत नाही. डाय भरतो पिशवीच्या आत, आणि दोन शिंगं की आत नुसता पडदा, हा फरक असतो बाहेरून.

मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची पिशवी दोन नळ्या जुळून तयार होते. नळ्या जुळल्या पण मधली भिंत विरली नाही, तर बाहेरून पिशवी धडधाकट एकच आणि आत पडदा. वरच्या बाजूला त्या जुळल्याच नाहीत, तर माथ्यावर खाच पडते आणि दोन शिंगं होतात. बाहेरची खाच एक सेंटिमीटरहून खोल असली तर दोन शिंगं, असा ढोबळ हिशोब. थ्रीडी सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये ती मोजता येते. तरीही शंका उरली तर हिस्टेरोलॅप: एक दुर्बीण पिशवीच्या आत, दुसरी पोटातून.

एवढा काथ्याकूट कशासाठी? पडदा योनिमार्गे दुर्बिणीने कापता येतो, पोटावर टाका पडत नाही. पण दोन शिंगांना पडदा समजून कात्री चालवली, तर ती पिशवीला भोक पाडून पोटात निघू शकते. दोन शिंगं जोडून शिवायचं ऑपरेशन आता क्वचितच होतं. अशा पिशवीत दिवस सहसा राहतात; त्रास पुढच्या महिन्यांत होतो. जागा अपुरी पडते, बाळ पायाळू राहतं, कळा वेळेआधी येतात. पडद्याच्या पिशवीत मात्र पहिल्या तीन महिन्यांतले गर्भपात जास्त दिसतात.

मग पडदा दिसला की कापायचाच? वर्षानुवर्षं तसंच चाललं. २०२१ साली ८० जणींवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. पडदा कापलेल्यांपैकी ३१ टक्के जणींना मूल झालं, न कापलेल्यांपैकी ३५ टक्के. अभ्यास लहान आहे, त्यावरून ऑपरेशन निरुपयोगी ठरत नाही. वारंवार गर्भपात झालेल्या बाईला बरेच डॉक्टर आजही ते सुचवतात. पण गर्भपाताचा इतिहास नसताना 'आधी पडदा काढू' अशी घाई होत असेल, तर कशासाठी ते जरूर विचारावं.

आयव्हीएफ करायचं ठरलं, तर दोन्हींत एकच भ्रूण सोडलेलं बरं. एका बाळाला जिथे जागेची ओढाताण, तिथे जुळ्यांची जोखीम कोण घेणार?