तांदळाच्या कॅलरी वेगळ्या, भाताच्या वेगळ्या

शंभर ग्रॅम भातात कॅलरी किती, असं विचारलं की कुणी १३० सांगतं, कुणी ३६०. मग वाद रंगतो आणि शेवटी ‘या आकड्यांना काही अर्थच नाही’ म्हणून मोजणंच बंद होतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण दोन्ही आकडे बरोबर आहेत. साधारण ३६० हा तांदळाचा आकडा, १३० भाताचा. मराठीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत. अ‍ॅपमध्ये मात्र दोन्हींना ‘राइस’ असतं आणि आपण दिसेल ती पहिली नोंद निवडून मोकळे होतो.

कॅलरी आणि किलोकॅलरी यांचा घोळ त्यामानाने किरकोळ. आहाराच्या बोलण्यात दोन्हींचा अर्थ एकच. पाकिटावर किलोज्यूल लिहिले असतील तर ४.२ ने भागा, विषय संपला.

खरा घोळ कच्च्या आणि शिजलेल्या वजनाचा आहे, आणि तो पाण्यामुळे होतो. पाण्यात कॅलरी नसतात, वजन मात्र असतं. काल मी २०० ग्रॅम तांदूळ घेतले, म्हणजे ७२० कॅलरी. शिजल्यावर भात भरला ५६० ग्रॅम. कॅलरी होत्या तेवढ्याच राहिल्या, फक्त त्या आता ५६० ग्रॅममध्ये पसरल्या. ताटात १५० ग्रॅम भात वाढून घेतला, तर १९३ कॅलरी झाल्या. हाच भात काट्यावर ठेवून कच्च्या तांदळाची नोंद निवडली, तर अ‍ॅप ५४० दाखवणार. एका वाढपात जवळपास साडेतीनशेची चूक! आणि हे करणारी व्यक्ती प्रामाणिकपणे ग्रॅम-ग्रॅम मोजत असते, म्हणून ही चूक जास्त लागते. उलटही होतं. कोरडे तांदूळ मोजायचे आणि नोंद भाताची करायची. मग २०० ग्रॅमचे ७२० ऐवजी २६० दिसतात आणि ‘एवढं कमी खाऊनही वजन का उतरत नाही’ हा प्रश्न पडतो.

डाळींचंही तसंच. कोरडी मसूर शंभर ग्रॅमला साधारण ३५०, शिजलेली ११५च्या आसपास. पास्त्याचंही तेच, आणि पाकिटावरचा आकडा सहसा कोरड्या मालाचा असतो, हे लक्षात ठेवा.

एवढं कळल्यावर लोक एक नियम करून टाकतात: शिजलं की शंभर ग्रॅममागचा आकडा कमी होतो. हा नियम चुकीचा आहे. मांसातून शिजताना पाणी बाहेर पडतं, त्यामुळे तिथे आकडा वाढतो. कातडी काढलेला चिकनचा ब्रेस्ट पीस कच्चा असताना शंभर ग्रॅमला सुमारे १२०, भाजल्यावर सुमारे १६५. म्हणून ‘शिजलेलं म्हणजे कमी’ असं पाठ करू नका. पाणी आत गेलं की बाहेर आलं, एवढंच बघा.

मग मोजायचं कसं? माझा आग्रह कच्च्या वजनाचाच आहे. तक्त्यातला शिजलेला आकडा दुसऱ्या कुणाच्या तरी पातेल्यातला असतो. त्यात पाणी किती होतं, तुम्हाला माहीत नाही. माझाच भात थोडा आसट झाला आणि ६२० ग्रॅम भरला, तर तेच १५० ग्रॅम १७४ कॅलरींचे होतात. त्यापेक्षा सोपं काम करा. रिकाम्या पातेल्याचं वजन एकदाच करून कुठेतरी लिहून ठेवा. माझं ६४० ग्रॅमचं आहे. आत जाणारं सगळं कच्चं मोजा, कॅलरींची बेरीज करा. पदार्थ तयार झाला की पातेल्यासकट वजन करा, पातेल्याचं वजा करा आणि बेरजेला उरलेल्या वजनाने भागा. ही झाली एका ग्रॅमची कॅलरी. ताटात घ्याल तेवढ्या ग्रॅमने गुणा. रस्सा असो की खिचडी, पद्धत हीच.

‘एक वाटी घरगुती भाजी’ ही तयार नोंद मात्र कृपा करून वापरू नका. कुणाची वाटी, कुणाचं घर, आणि तेल किती?

तेलाचंच सांगायला हवं, कारण कच्चं वजन काटेकोर घेणारेही तिथे ढिले पडतात. बटाट्याच्या शंभर ग्रॅममध्ये ऐंशीच्या आत कॅलरी असतात. तेलाच्या एका ग्रॅममध्ये जवळपास ९. म्हणजे बटाटा वीस ग्रॅम चुकला तर पंधरा कॅलरींचा फरक, तेल वीस ग्रॅम चुकलं तर १८०चा. चमच्याने अंदाज घेऊ नका. तेलाची बाटली काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, तेल ओता, बाटली परत ठेवा. जो उणे आकडा दिसेल, तेवढं तेल गेलं. तळणीचं असेल तर कढईसकट आधीचं आणि गार झाल्यावरचं वजन घ्या. साधारण तेवढ्या फरकाचं तेल पदार्थात गेलं. कढईतलं सगळं तेल खाल्लं असं धरणं जितकं चूक, तितकंच ते अजिबात न धरणंही.

घरात चारजण जेवणार आणि प्रत्येकाचं ताट काट्यावर ठेवणं जमणार नसेल, तर पातेल्यातला हिस्सा बघा. रश्श्याची बेरीज १,२०० आली आणि तुम्ही पाव भाग घेतला, तर ३००. त्यासाठी शिजलेलं वजन करायचीही गरज नाही.