टेंट ओला गुंडाळून आणू नका (ब्रेझोस बेंडला कॅम्पिंगला जाणाऱ्या आपल्या मंडळींसाठी)

आम्ही कॅम्पिंगचे टेंट भाड्याने देतो, आणि नोव्हेंबर ते मार्च दर सोमवारी आम्हाला दोन-तीन फोन ठरलेले असतात. पाऊस एक थेंब नव्हता, तरी सकाळी उठलो तर टेंट आतून ओला, पांघरुणंसुद्धा दमट झाली, तुमचा टेंट गळतो का? आणि बऱ्याचदा तोच टेंट बुधवारी परत येतो, पिशवीची नाडी सोडली की कुबट वासाचा भपकारा येतो. या दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय, कृपया निघायच्या आधी वाचा.

टेंट गळत नाही. परत आलेला प्रत्येक टेंट आम्ही अंगणात उभा करतो, होजने पाणी मारून बघतो, जिथे शंका येते तिथे शिवणीला पाणी अडवणारा सीलर लावतो आणि मगच पुढच्या घरी देतो. ओल येते ती हवेतून. ब्रेझोस बेंड ह्यूस्टनपासून तासाभरावर असलं तरी तिथली हवा शहरातल्यापेक्षा ओली, कारण ते स्टेट पार्क म्हणजे ब्रेझोस नदीच्या पुराचं सपाट मैदान, त्यातून बिग क्रीक नावाचा ओढा वाहतो, एल्म लेक आणि फॉर्टी एकर लेक ही तळी आहेत, मधेमधे दलदल, आणि वरून मेक्सिकोच्या आखातावरची दमट हवा. रात्री गारवा पडला की त्या हवेतलं पाणी कापडावर बसतं, आपल्याकडे कोकणात पहाटे गवतावर दव पडतं तसंच. त्यात आत चार माणसं रात्रभर श्वास सोडतात, त्याचंच जवळजवळ लिटरभर पाणी होतं. आणि थंडी वाजते म्हणून लोक सगळ्या खिडक्या घट्ट लावून झोपतात, मग ते पाणी जाणार कुठे? वरच्या खिडक्या उघड्या ठेवा, जाळी आहे, डास येत नाहीत. रेनफ्लाय, म्हणजे टेंटवरचं पावसाचं आच्छादन, दोऱ्यांनी नीट ताणा, आतल्या कापडाला टेकू देऊ नका. खालची ताडपत्री टेंटच्या बाहेर डोकावत असेल तर कडा आत दुमडा, नाहीतर पावसाचं पाणी तिच्यावर साचतं आणि थेट तुमच्या गादीखाली येतं.

एवढं सगळं केलं तरी सकाळी थोडी ओल राहणारच, त्यात तुमचं काही चुकलं नाही. चूक होते ती नंतर. दुपारी बारापर्यंत साइट, म्हणजे टेंटची जागा, सोडायची असते, मुलं भुकेली, सगळे घाईत, मग टेंट तसाच गुंडाळून गाडीच्या ट्रंकमध्ये जातो आणि घरी आल्यावर तीन दिवस तिथेच राहतो. ह्यूस्टनच्या उबेत बंद पिशवीतल्या ओल्या कापडाला एक-दोन दिवसात बुरशी धरते. मागच्या फेब्रुवारीत एक टेंट चार दिवस ट्रंकमध्ये राहून आला. उघडला तर कोपऱ्यांच्या शिवणीवर मोहरीएवढे काळे ठिपके, बोटाने पुसले तर जाईनात, आणि आतलं कोटिंग हाताला चिकट लागत होतं. पाणी अडवतं ते हे कोटिंग, ते एकदा सुटायला लागलं की टेंट खरोखरच गळायला लागतो, मग तो भाड्याने देण्यासारखा राहत नाही. ज्या कुटुंबाने नेला होता ती माणसं चांगली, त्यांनी मुद्दाम काही केलं नव्हतं, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून हे सांगणं.

काय करायचं? सकाळी उठल्याबरोबर, चहा ठेवायच्याही आधी, रेनफ्लाय काढून उन्हात पसरा. साइटवर मोठी लाइव्ह ओकची झाडं असतात, त्यांची पानं थंडीतही झडत नाहीत, म्हणून सावलीत वाट बघत बसू नका, गाडीच्या बॉनेटवर टाका, अर्ध्या तासात फरक दिसतो. टेंटला आतून जुन्या टॉवेलने पुसून घ्या, आणि जमिनीकडची बाजू उलटी करून तिचा चिखल ओल्या स्पंजने काढा, इथली काळी चिकणमाती सुकली की विटेसारखी धरून बसते. घरी पोचल्यावर जिन्याच्या कठड्यावर नाहीतर गॅरेजमध्ये खुर्च्यांवर पसरा, वर पंखा लावा. वाळला की नाही हे बघायला हाताची मागची बाजू कोपऱ्यातल्या शिवणीला आणि काठ्या घालायच्या पट्टीला लावा, गार लागलं तर अजून ओल आहे. कापडाचा मधला भाग दहा मिनिटांत वाळतो, फसवतात ते कोपरे. ड्रायरमध्ये मात्र अजिबात घालू नका, ब्लीच नको, डिटर्जंटही नको.

तुमच्याकडे जागा नसेल, अपार्टमेंटमध्ये राहत असाल, तर ओला टेंट त्याच्या स्वतःच्या पिशवीत न भरता मोठ्या कचऱ्याच्या पिशवीत सैल टाकून रविवारीच आमच्याकडे आणा, त्याच दिवशी आणलात तर वाळवायचे पैसे घेत नाही. सोमवारनंतर ओला आला तर डिपॉझिटमधून २५ डॉलर कापतो. काहींना हे जास्त वाटतं, पण एक टेंट धुवून वाळवून परत तपासायला माझी आणि बायकोची अख्खी संध्याकाळ जाते, आणि तोवर पुढच्या शनिवारी ज्यांनी बुक केलाय त्यांना काय सांगायचं?

बाकीचं थोडक्यात. टेंट लावायच्या आधी जमीन नीट बघा, भुसभुशीत मातीचा ढिगारा दिसला की तो लाल मुंग्यांचा समजा आणि लांब सरका, पावसानंतर हे ढिगारे जास्त दिसतात. मगरींपासून निदान ३० फूट लांब राहायचं हा पार्कचा नियम आहे, त्यांना खायला घालणं टेक्सासमध्ये गुन्हा आहे, आणि मुलांना पाण्याच्या काठाशी एकटं सोडू नका. पोळ्या-भाजीचे डबे गाडीत ठेवा, रॅकून झिप उघडतात, आमच्या दोन टेंटना त्यांच्या नखांनी फाटलं तिथे ठिगळं आहेत. सरपण गोळा करायला परवानगी नाही, विकतचं न्या. ब्रेझोस नदीला पूर आला की पार्क बंद होतं, २०१७ ला हार्वे चक्रीवादळाच्या वेळी झालं होतं, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी पार्कच्या वेबसाइटवर बघून घ्या. पार्कने बंद केलं तर आम्ही तारीख बदलून देतो, जास्तीचे पैसे नाहीत.

जाड ताडपत्री आणि बॅटरीवरचा पंखा ५ डॉलरला मिळतो, सांगितलंत तर टेंटबरोबरच बांधून ठेवू. स्प्रिंग ब्रेकचे, म्हणजे शाळांच्या मार्चमधल्या सुट्टीचे, सगळे टेंट दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच जातात, तेव्हा साइट बुक केलीत की लगेच आम्हाला मेसेज टाका. परत करायची वेळ रविवारी दुपारी ३ ते रात्री ८, गॅरेजचं दार उघडंच असतं, थेट आत येऊन दोरीवर टाका.