बीएमएक्स शर्यतपटू (महिला)

बीएमएक्स शर्यत : वीस इंची चाकांची, एकाच गिअरची आणि फक्त मागचा ब्रेक असलेली छोटी सायकल मातीच्या उंचवट्यांवरून पळवण्याची स्पर्धा. बीएमएक्स हे ‘बायसिकल मोटोक्रॉस’चे लघुरूप आहे. ट्रॅक ३०० ते ४०० मीटरचा, एका फेरीत जास्तीत जास्त आठ जणी, आणि निकाल पाऊण मिनिटात. या खेळात मुलीची कारकीर्द कशी उभी राहते आणि ग्रामीण विदर्भातल्या मुलीला त्यातले काय हाताशी आहे, हे या नोंदीत पाहायचे आहे.

मोटारसायकलच्या शर्यती पाहून कॅलिफोर्नियातल्या पोरांनी १९७० च्या सुमारास सायकलवर तोच खेळ मांडला. १९८२ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली, १९९३ पासून खेळाचा कारभार आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेकडे आला आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पुरुष व महिला दोन्ही शर्यती एकदमच सुरू झाल्या. आशियाई स्पर्धांत हा खेळ २०१० पासून आहे.

शर्यतीचा जीव सुरुवातीत असतो. ऑलिंपिक ट्रॅकवर आठ मीटर उंचीच्या उतारावर लोखंडी गेट असते. पुढचे चाक त्याला टेकवून, दोन्ही पाय पॅडलवर ठेवून, जमिनीला न शिवता शर्यतपटू तोल धरून उभी राहते. ध्वनिमुद्रित सूचना संपली की ०.१ ते २.७ सेकंदांत केव्हाही इशारा वाजतो आणि गेट पुढे कोसळते. मोजून ठेवता येईल असा ताल मुद्दामच ठेवलेला नाही. त्या क्षणी कंबर पुढे झोकून पहिल्या पॅडलवर सगळा भार द्यायचा. पहिल्या वळणावर जी पुढे पोहोचते, तिला आपली वाट निवडता येते. मागच्यांना उरलेल्या जागेतून वाट काढावी लागते. पुढे पॅडल मारायला फारशी जागा नसते. उंचवट्यावर हातापायांनी सायकल दाबत-उचलत वेग राखायचा, याला ‘पंप’ म्हणतात; पुढचे चाक उचलून मागच्यावरच उंचवटे पार करायचे, हे ‘मॅन्युअल’. टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत ब्रिटनच्या बेथनी श्रीव्हरने ४४.३५८ सेकंदांत सुवर्ण घेतले, कोलंबियाची मारियाना पाहोन ४४.४४८ सेकंदांत दुसरी आली.

पाहोन ही या खेळातली सर्वांत मोठी महिला शर्यतपटू म्हणावी लागेल. मेदेयीनची ही मुलगी लहानपणीच ट्रॅकवर आली. लंडन (२०१२) आणि रिओ (२०१६) येथे सुवर्ण, टोकियोत रौप्य, तेही गुडघ्याच्या गंभीर दुखापतीतून उठून मिळवलेले. तिच्या शहरातल्या ट्रॅकला तिचेच नाव आहे. बीजिंगची विजेती, फ्रान्सची आन-कॅरोलिन शोसों, तेव्हा तिशीत होती आणि डोंगरउताराच्या सायकल शर्यतींत आधीच जगज्जेती झालेली होती. श्रीव्हरची गोष्ट पैशाची आहे. रिओनंतर ब्रिटनने महिला बीएमएक्सचा निधी थांबवला, तेव्हा तिने लोकवर्गणी जमवली आणि शाळेत सहायक शिक्षिकेचे काम केले. पॅरिसची (२०२४) विजेती, ऑस्ट्रेलियाची साया साकाकिबारा, टोकियोत उपांत्य फेरीत पडली होती. त्याआधी २०२० मध्ये तिचा भाऊ काई याच्या मेंदूला शर्यतीत गंभीर इजा झाली होती. त्याचा ७७ हा क्रमांक घेऊन ती शर्यतीत उतरली.

या खेळात मुली पाचव्या वर्षापासून वयोगटांत उतरतात. १७-१८ व्या वर्षी ज्युनिअर, त्यानंतर २३ वर्षांखालील आणि एलिट, म्हणजे सर्वोच्च गट. तोल आणि उडीचा अंदाज लहान वयातच अंगात मुरलेला असावा लागतो. ग्रामीण विदर्भातली खरी अडचण इथेच आहे. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकल मिळते ती आठवी ते बारावीत. म्हणजे तेरा-चौदा वर्षे उलटल्यावर, आणि तीही शाळेला जाण्यासाठी. कॅरियर, टोपली, जड चौकट. शेताच्या धुऱ्यावरून (बांधावरून) एकदा जोरात उडवली की पुढचा चिमटा वाकतो, चाक आऊट होते, आणि दुकानात नेल्यावर घरच्यांचे बोलणे ऐकावे लागते. तरी तोल म्हणाल तर तो आपल्या पोरींकडे आधीपासून असतो. घरातल्या उंच सायकलच्या नळीखालून पाय घालून ‘कैची’ मारत पांदणीच्या चाकोरीतून जाणारी दहा वर्षांची पोर पाहावी. एका बाजूला कललेली सायकल, दुसऱ्या बाजूला अंग, मधून चाकोरीचा खड्डा. ती पॅडल थांबवत नाही. पहिल्या शिक्षकाने इथूनच शिकवायला सुरुवात करावी असे मला वाटते.

ट्रॅक मातीचाच असल्यामुळे तो गावातही होईल, असे अनेकांना वाटते. माती मात्र जिल्ह्यागणिक वेगळी आहे. यवतमाळ, अमरावती, अकोल्याची काळी कसदार जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिचे उंचवटे एका हंगामात ढासळतात. म्हणून काळ्या मातीवर मुरमाचा जाड थर दाबून घ्यावा, पाणी काढायला बाजूने चारी काढावी आणि पावसाळ्यात ट्रॅक ताडपत्रीखाली ठेवावा. पूर्वेकडे, भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात, तळ्यांच्या पाळी (मातीचे बांध) आहेत. तिथल्या मुलींना चढ-उताराची सवय आपोआप होते, पण पाळ खोदून ट्रॅक करू नये, ती गावाच्या पाण्याची आहे.

हंगामाचा पेच वेगळाच. जून ते सप्टेंबर चिखल, एप्रिल-मे मध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास. सरावाला खरा काळ दिवाळी ते फेब्रुवारी. तोच कापसाच्या वेचणीचा. सुट्टीच्या दिवशी आईसोबत वावरात वेचायला जाणारी मुलगी संध्याकाळी थकून येते. त्यामुळे विदर्भात सरावाचे वेळापत्रक पहाटे पाच ते सातचेच धरले पाहिजे. वेचणीच्या दिवसांत मुलीला गैरहजर म्हणून काढून टाकणारा प्रशिक्षक इथे कामाचा नाही.

पडणे या खेळात टळत नाही. पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, हातमोजे, लांब बाह्यांचे कपडे सक्तीचे असतात, तरी हसळीचे हाड मोडणे नेहमीचे. पॅरिसच्या काही आठवडे आधी श्रीव्हरचेही मोडले होते. घरात पहिला प्रश्न येतो तो पोरीच्या लग्नाचा, हात वाकडा राहिला तर काय. त्याला उपदेशाने उत्तर देऊ नये. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे होतो का, हेल्मेट कोण देणार, हे आधी सांगितलेले बरे.

उत्पन्न थोडे आणि उशिरा येते : संघटनेचा निधी, सायकल कंपन्यांचे प्रायोजकत्व, बक्षिसे, नंतर प्रशिक्षकपद. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात. विदर्भातल्या घरात हेच वजनदार ठरते. १९६४ नंतर ऑलिंपिक सायकलिंगमध्ये भारताचे कोणी उतरलेले नाही. मुलींसाठी स्पर्धांची वाट प्रामुख्याने रोड आणि ट्रॅक (कलत्या लंबगोल धावपट्टीवरच्या शर्यती) या प्रकारांतून जाते. पण बीएमएक्सने पायात आणलेला पहिल्या क्षणाचा झटका या धावपट्टीवरच्या स्प्रिंटला, म्हणजे कमी अंतराच्या वेगवान शर्यतीला, तंतोतंत उपयोगी पडतो. स्कॉटलंडचा ख्रिस हॉय बीएमएक्सवरूनच तिकडे गेला आणि सहा ऑलिंपिक सुवर्णपदकांचा धनी झाला. दिल्लीत राष्ट्रीय सायकलिंग अकादमी आहे, तिथे दार ठोठावता येते.

त्यासाठी गेटचा सराव मात्र घरच्या मातीवरच व्हायला हवा. सरावाचे गेट तालुक्यातल्या वेल्डिंगच्या दुकानात होते : लोखंडी अँगलची चौकट, दोन मजबूत बिजागऱ्या, दोरीने सोडायची कडी आणि उभे राहायला चार फुटांचा फळ्यांचा उतार. कडी कोणत्या क्षणी सुटणार, हे दोरी धरणाऱ्यालाच ठाऊक असावे.