मधुमेह आणि धमनीची भिंत
डायबिटीसमध्ये मोठ्या धमन्या लवकर कडक होतात, पण भिंत नेमकी बिघडवतं कोण, साखर की इन्सुलिन, यावर वाद बरीच वर्षं चालला.

इन्सुलिनवर संशय साधारण १९६० च्या आसपास आला असं दिसतं. १९६१ मध्ये क्रूझ आणि सहकाऱ्यांनी डायबिटीस केलेल्या कुत्र्यांच्या एकाच मांडीच्या धमनीत इन्सुलिन सोडलं तर त्याच बाजूची भिंत जाड झाली, मग बेलफास्टच्या रॉबर्ट स्टाउट यांनी हा मुद्दा लावून धरला की इन्सुलिनमुळे मधल्या थरातल्या स्नायूपेशी वाढतात. पण लॅबमधले डोस बऱ्याचदा रक्तातल्या पातळीच्या कितीतरी वर असायचे, आणि पुढे १९९८ ची यूकेपीडीएस (ब्रिटनमधली टाइप २ डायबिटीसची मोठी ट्रायल) आणि २०१२ ची ओरिजिन ही इन्सुलिनची ट्रायल (१२,५३७ जण), दोन्हींत इन्सुलिन घेणाऱ्यांना हार्ट अटॅक जास्त आले नाहीत, त्यामुळे मूळ रूपातला हा तर्क आता फारसा टिकत नाही.

त्यापेक्षा संशोधक जॉर्ज किंग वगैरेंची मांडणी जास्त पटते. इन्सुलिनचा निरोप धमनीत दोन वाटांनी जातो, एका वाटेने आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि धमनी सैलावते, दुसरीने धमनी आवळणारं एंडोथेलिन तयार होतं, स्नायूपेशी वाढतात. इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही तेव्हा, पहिली वाट मंदावते, दुसरी चालूच राहते, वर स्वादुपिंड भरपाई म्हणून इन्सुलिन अजून ओततं, मग नको तीच वाट जोरात.

साखरेचं काम वेगळं. संशोधक ब्राउनली यांच्या २००१ च्या मांडणीनुसार जादा ग्लुकोजमुळे पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात (ऊर्जा तयार करणाऱ्या भागात) सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा घातक प्रकार वाढतो आणि पुढची बरीचशी नासधूस तिथून सुरू होते. शिवाय साखर भिंतीतल्या कोलॅजन या आधार देणाऱ्या प्रथिनाला चिकटून त्याचे धागे एकमेकांत अडकवते, आणि कोलॅजन फार हळू बदललं जातं म्हणून नुकसान मागे राहतं. डीसीसीटी या मोठ्या ट्रायलमधले टाइप १ चे १,४४१ पेशंट, कडक कंट्रोलचे आणि नेहमीच्या उपचाराचे असे दोन्ही गट, १९९३ नंतर जवळपास सारख्याच साखरेवर आले, तरी आधी कडक कंट्रोल असलेल्यांना २००५ पर्यंत हृदय-रक्तवाहिन्यांचे त्रास ४२ टक्के कमी झाले होते, ते यामुळेच असावं. मात्र जुन्या टाइप २ पेशंटमध्ये असाच कडक कंट्रोल करणारी अॅकॉर्ड या ट्रायलची शाखा २००८ मध्ये मृत्यू वाढल्याने थांबवावी लागली.

बाकी हार्मोन्समध्ये इस्ट्रोजेन, पाळी चालू असताना बायकांना हृदयविकारापासून मिळणारं संरक्षण डायबिटीसमध्ये बरंच घटतं.

मधल्या थरात कॅल्शियम साचण्याचं वर्णन मोंकेबर्ग यांनी १९०३ मध्ये केलं. डायबिटीसमध्ये हे पायात जास्त दिसतं, धमनी प्रेशर मोजायच्या पट्ट्याने दाबलीच जात नाही, घोट्याचं प्रेशर खोटं जास्त येतं, म्हणून अशा पेशंटचं प्रेशर पायाच्या अंगठ्यावर मोजतात.