धडधड घाबरल्याची की लय बिघडल्याची?

छातीत धडधडतंय म्हटलं की समोरचा पटकन म्हणतो, "टेन्शन घेऊ नकोस." बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण काही जणांची धडधड वर्षानुवर्षं टेन्शनच्या खात्यात जमा होते आणि मूळ कारण बाजूलाच राहतं. त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण ओळखायची खूण पुष्कळदा त्या माणसाच्या बोलण्यातच असते.

घाबरल्यावर अॅड्रेनलिन वाढतं आणि हृदय आपल्या नेहमीच्याच लयीत, फक्त भराभर चालू लागतं. वेग चढत जातो, मग हळूहळू ओसरतो. सोबत हातापायांना मुंग्या, थरथर, 'आता काही खरं नाही' अशी भीती. ताप, अंगातलं पाणी किंवा रक्त कमी होणं, थायरॉइडचं काम वाढणं, जास्त कॉफी यांनीही वेग असाच वाढतो. म्हणजे कारण दर वेळी मनातच असतं असं नाही.

लय बिघडते तेव्हा हृदयातली वीज आडवाटेने फिरते. एसव्हीटी, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून अचानक सुरू होणारी वेगवान लय, या प्रकारात तर बटण दाबल्यासारखं होतं. माणूस निवांत वाचत बसलेला असतो आणि एका क्षणात नाडी १५०च्या पुढे, कधी २००पर्यंत जाते. थांबतेही तशीच, एकदम. भीती इथेही वाटते, पण धडधडीच्या मागून येते. गल्लत होते ती इथेच. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरत राहतात तेव्हा, ठोक्यांचा मेळच बसत नाही. त्यात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो, म्हणून धडधड सौम्य असली तरी तपासणी टाळू नये.

मधूनच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटून पुढचा जोरात आपटतो, ते बहुधा निरुपद्रवी असतं.

धडधड सुरू असताना मनगटावर दोन बोटं ठेवा, ३० सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. विश्रांतीत मिनिटाला ६० ते १०० नेहमीचे. मग तोच ताल टेबलावर बोटाने वाजवून बघा: एकसारखा आहे, की वेडावाकडा? डॉक्टरांनाही तसाच वाजवून दाखवा.

धडधडीबरोबर छातीत दुखलं, दम लागला, शुद्ध हरपली किंवा हरपेल असं वाटलं, तर घरी वाट बघू नका, लगेच रुग्णवाहिका बोलवा. व्यायाम करतानाच धडधड होत असेल, आधीपासून हृदयविकार असेल किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर बाकी काही त्रास नसला तरी लवकर दाखवा.

दवाखान्यात पोचेपर्यंत धडधड थांबली तर ईसीजी नॉर्मल येऊ शकतो, आणि तेवढ्यावरून लय ठीक आहे असं ठरत नाही. अशा वेळी २४ तास किंवा त्याहून जास्त काळ ठोक्यांची नोंद ठेवणारं होल्टर हे यंत्र लावायचं का, ते विचारा. धडधड चालू असतानाच्या ईसीजीची एक पट्टी हाती लागली, तर पुष्कळदा निदान तिथेच होतं.