तीन डॉक्टर, तीन फाईली आणि मामांच्या दोन किडन्या

आमचे मामा खानापूरचे. बेळगावला दाखवायला येतात तेव्हा पिशवीत तीन फाईली, बीपीची, पायांच्या सुजेची आणि गुडघ्याची. तिघेही डॉक्टर चांगले, गोळ्याही आपापल्या जागी बरोबर, पण उन्हाळ्यात क्रिएटिनिन (रक्तातला हा कचरा वाढला की समजायचं किडनी नीट गाळत नाही) २.६ वर गेलं आणि घरात सगळे म्हणाले, पाणी बाधलं.

एका किडनीत साधारण १० लाख गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता, त्याला एक आत येणारी नळी आणि एक बाहेर जाणारी. गाळायला दाब लागतो. अंगातलं पाणी कमी झालं की शरीर दोन युक्त्या करतं, आतली नळी सैल सोडतं (हे प्रोस्टाग्लँडिन नावाच्या शरीरातल्या रसायनाचं काम) आणि बाहेरची आवळतं (हे अँजिओटेन्सिन नावाच्या दुसऱ्या रसायनाचं), पाईपाच्या तोंडावर अंगठा धरला की मागे दाब वाढतो ना, तसंच. आता मामांच्या गोळ्या बघा. सुजेसाठीच्या लघवीच्या गोळीने पाणी कमी केलं, गुडघ्याच्या दुखण्यावरच्या डायक्लोफेनॅकने प्रोस्टाग्लँडिन बनणंच रोखलं म्हणजे आतली नळी सैल होईना, आणि बीपीच्या टेल्मिसार्टनने अँजिओटेन्सिनला अडवलं म्हणजे बाहेरचा अंगठाही निघाला. दाब गेला, गाळणं मंदावलं. दोष एकट्या गोळीचा नाही, तिन्ही एकत्र आल्याचा. म्हणून कुणी मनाने बीपीची गोळी बंद करू नका, आणि तो व्हॉट्सॲपवरचा 'किडनी साफ करणारा काढा' तर नकोच, किडनी म्हणजे काय तुंबलेलं गटार आहे?

लोक म्हणतात आता आभा नंबर, म्हणजे सरकारी आरोग्य खात्याचा १४ आकडी नंबर आलाय, सगळं कॉम्प्युटरवर दिसेल. दिसेल हो, पेशंटने परवानगी दिली तर, पण बघणार कोण? सॉफ्टवेअर उठसूट 'या गोळ्या एकत्र नकोत' अशी धोक्याची खिडकी दाखवायला लागलं की डॉक्टर न वाचताच बंद करतात, त्यामुळे कुठली खिडकी ठेवायची हे ठरवायला त्यांनाच बसवायला लागतं. ऑपरेशनच्या वेळी टीमने तपासायच्या १९ मुद्द्यांच्या चेकलिस्टचंही असंच काहीसं झालं. २००९ मध्ये आठ हॉस्पिटलांतले (एक दिल्लीतलं) आकडे आले, चेकलिस्ट वापरल्यावर मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर. मग कॅनडातल्या ऑंटारिओत सरकारी रेट्याने सगळीकडे लागू झाली, २०१४ मध्ये १०१ हॉस्पिटलांचा हिशोब निघाला तर म्हणण्यासारखा फरकच नाही! कारणांवर वाद आहेत, पण टिक मारणं वेगळं आणि सगळ्यांनी थांबून मोठ्याने विचारणं वेगळं, एवढं मला पटतं.

मामांच्या बीपीवाल्या डॉक्टरांनी शेवटी फाईलच्या कव्हरवरच तिन्ही गोळ्या मोठ्या अक्षरात लिहिल्या. गुडघेवाल्यांनी ते वाचून तिथल्या तिथे त्यांना फोन लावला आणि डायक्लोफेनॅकवर काट मारली. दोन मिनिटं लागली असतील. फाईली मात्र अजून तीनच आहेत.